लेकीच्या सामन्याला गाडी कधी भरणार?



सुगी आटोपली की आपल्याकडं गावोगावचे टेम्पो भरून निघतात. कुठं कुस्त्यांचा फड असतो, कुठं बैलगाड्यांची शर्यत. खेड, मावळ, चाकण या आमच्या बाजूला बैलगाड्याचं वेड किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या मे महिन्यात शर्यतीचा कायदा उचलून धरला आणि घाट पुन्हा माणसांनी फुलले. एक बारी म्हणजे उणेपुरे दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यासाठी माणूस चाळीस-पन्नास मैल जातो, दिवसभर उन्हात उभा राहतो, घसा बसेपर्यंत ओरडतो आणि रात्री घरी येऊन बैलाचं कौतुक सांगत बसतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हौसेला मोल नसतं.

पण मला एवढंच सांगा, तुमच्या गावच्या शाळेतल्या मुलींचा कबड्डीचा नाहीतर खो-खोचा संघ मागच्या साली तालुक्याला खेळायला गेला, तेव्हा गावातून किती माणसं गेली होती? आठवून पाहा. क्रीडाशिक्षक गेले असतील. एखाद्या बाई गेल्या असतील. वडापच्या जीपमध्ये बारा पोरी दाटीवाटीनं बसल्या असतील आणि त्यांच्या मांडीवर डब्याच्या पिशव्या. बस, एवढंच. संघ जिंकून आला तर फलकावर अभिनंदन. हरून आला तर, "कशाला जाता गं उन्हातान्हात?"

मी हे काळेवाडीहून लिहिते आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पवना नदीच्या एका काठाला पिंपरी आणि दुसऱ्या काठाला आमची काळेवाडी. कधीकाळी इथंही शेतं होती. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, मागून आकुर्डी-चिंचवडकडं मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुष्काळी तालुक्यातला एक तरी माणूस इथं भाड्याच्या खोलीत राहायला आला. आमच्या गल्लीत बीडचे आहेत, साताऱ्याचे आहेत, खानदेशातले आहेत. दिवाळीला गल्ली ओस पडते, कारण सगळे गावी गेलेले असतात. तेव्हा काळेवाडीची गोष्ट म्हणजे तुमच्याच भावकीची गोष्ट समजा.

तर आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, कॉलेजात शिकणारी. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती बास्केटबॉल खेळते. या खेळात एका बाजूला पाच जणी. मैदानाच्या दोन टोकांना दहा फूट उंचीवर लोखंडी कडी, तिला खाली जाळी. चेंडू जमिनीवर आपटत आपटत न्यायचा आणि त्या कडीतून टाकायचा. चेंडू हातात धरून पळायची मुभा नाही. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. कबड्डीसारखा दम लागतो आणि खो-खोसारखं वळावं लागतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं नगर, अशा तीन जिल्ह्यांत आहे. त्यामुळं सामने कधी इथं, कधी तिथं. एकदा या पोरींचा संघ परगावाहून परतला तो रात्री साडेअकराला. काळेवाडी फाट्यावर तिला उतरवलं आणि पुढं ती एकटी चालत घरी आली. वडील दुसऱ्या पाळीला कारखान्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "आता हे बंद."

त्या माणसाला मी दोष देणार नाही. पोटची पोर साडेअकराला एकटी चालत आली म्हटल्यावर कुठला बाप दुसरं काय बोलेल? पण पोर दोन दिवस जेवली नाही. आणि तिची आई आमच्या भिशीत आहे.

भिशीत आम्ही सोळा जणी. त्या महिन्याला भिशी तिच्याच आईला लागली होती. ती म्हणाली, "मी या पैशाचं काही घेणार नाही. पुढचा सामना नगर जिल्ह्यात आहे. गाडी करू आणि आपणच जाऊ. पोरगी आपल्याबरोबर जाईल, आपल्याबरोबर येईल." पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एकेक जण घरी विचारून येते म्हणाली. शेवटी अकरा जणी निघालो, आणि एका घरची सत्तरी उलटलेली आजी हट्टानं गाडीत येऊन बसली. जावई-सुनांचं काय करायचं ते करा म्हणाली, मी चालले.

नाशिक रस्त्याला चाकणची वाहतूक म्हणजे काय असते हे त्या बाजूच्या लोकांना विचारा. कारखान्यांची पाळी सुटायच्या आत चाकण ओलांडायचं म्हणून पहाटे चारला निघालो. राजगुरुनगरला उजाडलं. नारायणगावला चहा घेतला. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो बाजाराकडं चालले होते, आमच्यातल्या जुन्नरच्या बाईनं लगेच भाव विचारून घेतला. पुढं आळेफाटा, मग घाट, आणि दहाच्या सुमाराला मैदानावर.

आता मुद्द्याचं सांगते. सामना सुरू व्हायला तासभर होता. पोरी एका झाडाखाली बसल्या होत्या. आम्ही पाण्याच्या बाटल्या पुढं केल्या, तर एकही पोर घोटाच्या वर पाणी पिईना. म्हटलं, अगं ऊन केवढं आहे, प्या की. एकमेकींकडं बघायला लागल्या. मग हळूच एक बोलली, "काकू, इथल्या बाथरूमला कुलूप आहे. आम्ही बाहेर खेळायला गेलो की पाणी पीतच नाही."

वाचणाऱ्या माता-भगिनींना याच्यावर काही समजावून सांगायला नको. पुरुष मंडळींनी मात्र जरा थांबून विचार करावा. पहाटेपासून प्रवास, भर उन्हात चाळीस मिनिटांची धावपळ, आणि पोटात पाणी नाही. पायात गोळे येणार नाहीत तर काय होईल? पोरी दमानं कमी पडतात असं म्हणणारे आम्ही, त्यांना पाणी का पीत नाही हे कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्याबरोबरचे सर भले गृहस्थ, पण ही गोष्ट त्यांना सांगणार कोण?

आमच्यातली खानावळ चालवणारी बाई उठली, शिपाई शोधला आणि पाच मिनिटांत किल्ली घेऊन आली. भांडण नाही, तंटा नाही. "दादा, तुमच्या घरी लेकी असतील ना?" एवढंच बोलली. त्यानंतर दुसऱ्या संघाच्या पोरीही रांगेत आल्या. त्याही पाणी प्यायल्या नव्हत्या, आणि त्या तर त्याच गावच्या!

सामना आम्ही हरलो. शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होतो, मग आमच्या दोघी जणींना चुकांची मर्यादा संपल्यामुळं बाहेर बसावं लागलं. पण ओरडलो मात्र पोटभर. खेळातलं काही कळत नव्हतं, चेंडू आपल्याकडं आला की टाळ्या, गेला की सुस्कारा. आजीचं तर वेगळंच चाललं होतं. तिनं ती जाळी बघितली आणि विचारलं, "अगं, एवढ्या उंच पाटी टांगली, आणि तीही बुडाला फाटकी?"

गंमत अशी की आजीचं म्हणणं खरं आहे. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हा खेळ काढला तेव्हा त्यानं खरोखरच पीच फळांच्या पाट्या भिंतीला टांगल्या होत्या, बुडासकट. चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. बूड पुढं केव्हातरी काढलं. आणि पुढच्याच वर्षी, १८९२ साली, जवळच्या एका कॉलेजात सेंडा बेरेनसन या बाईंनी तो मुलींना शिकवला. १८९६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन विद्यापीठांच्या मुलींचा पहिला सामना झाला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया. निकाल २ विरुद्ध १. तिथं पुरुषांना आत सोडलं नव्हतं, बघायला सगळ्या बायकाच. म्हणजे आमची भिशी काही जगावेगळं करत नव्हती.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका शेतकरी मुलखाची गोष्ट सांगते. आयोवा म्हणून एक राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरं, हा तिथला धंदा. लहान लहान गावं, काही गावांची वस्ती आपल्या वाडीएवढी. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या खेड्यांतल्या शाळांत मुली बास्केटबॉल खेळायच्या. १९२५ साली राज्याच्या क्रीडा मंडळानं ठरवलं की मुलींचे सामने बंद करायचे, हे पोरींना शोभत नाही आणि त्यांच्या तब्येतीला झेपत नाही. तेव्हा खेड्यांतले पंचवीस शाळाप्रमुख उठले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळा संघ काढला. शहरातल्या मोठ्या शाळा पुष्कळ वर्षं त्यात आल्याच नाहीत. खेळ राहिला तो शेतकऱ्यांच्या पोरींचा.

त्यांचे नियमही वेगळे होते. पाचाऐवजी सहा जणी, तिघी एका अर्ध्यात आणि तिघी दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. १९९३ पर्यंत हा खेळ चालला. दर वर्षी मार्च महिन्यात राजधानी डे मॉइन इथं राज्याचे सामने व्हायचे. आता मार्चच का, तर त्यांची मक्याची पेरणी एप्रिल-मे मध्ये. मार्चला रानात काम नसतं. ज्या गावचा संघ राज्याला पोचे, तो सगळा गाव गाड्या काढून निघे. दुकानाला कुलूप, आणि गुरांसाठी एखादा गडी मागं.

१९६८ चा अंतिम सामना तिथं अजून सांगतात. युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली अशा दोन शाळा, दोन्ही खेड्यांतल्या. एकीकडं डेनिस लाँग, तिनं एकटीनं ६४ गुण केले. दुसरीकडं जीनेट ओल्सन, तिनं ७६. जादा वेळ खेळवावा लागला आणि ११३ विरुद्ध १०७ असा सामना युनियन-व्हिटननं मारला. म्हणजे ७६ गुण करणारी हरली! दुसऱ्या साली डेनिस लाँगला पुरुषांच्या एका नामांकित संघानं निवड यादीत घेतलं, त्याची पेपरांत मोठी चर्चा झाली.

आता ही जुनी गोष्ट का सांगितली, तर तिचं पीक अलीकडं उभं राहिलं. केटलिन क्लार्क नावाची आयोवा विद्यापीठाची मुलगी २०२४ साली कॉलेज संपवून बाहेर पडली तेव्हा तिच्या नावावर ३,९५१ गुण होते. तोवर तिथल्या विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत एवढे गुण कुणा बाईचे नव्हते, पुरुषाचेही नव्हते. १५ ऑक्टोबर २०२३ ला तिच्या संघाचा सामना चक्क फुटबॉलच्या उघड्या मैदानात ठेवला आणि ५५,६४६ माणसं बघायला आली. संघ परगावी खेळायला गेला तर तिथंही लोक मागून जायचे, आणि त्या परक्या मैदानांवरची तिकिटंसुद्धा बहुतेक ठिकाणी आधीच संपायची. त्या गर्दीत पांढऱ्या केसांच्या आज्या पुष्कळ असायच्या, तरुणपणी गावच्या शाळेत सहा जणींचा खेळ खेळलेल्या. त्या नातींना घेऊन यायच्या. ही माणसं काही एका रात्रीत जमली नाहीत. आधीच्या पिढ्या मार्च महिन्यात गाड्या काढून गेल्या, म्हणून ती जमली.

आपल्याकडं असं पीक येणार नाही असं कुणी म्हणू नये. बी आपल्याकडं कधीचं आहे. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना कबड्डीसाठी १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याला आता किती वर्षं झाली बघा. पुण्याचीच शिरीन लिमये भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. आणि १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली, आणि खेळ शिकली ती इथंच, पिंपरी-चिंचवडच्या कडेला वडमुखवाडीच्या शाळेत. आमच्या गल्लीतल्या बीडच्या लोकांनी त्या दिवशी पेढे वाटले.

स्मृती मानधनाचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. सांगलीत वाढलेली पोर. वडील आणि भाऊ दोघंही जिल्ह्यासाठी क्रिकेट खेळलेले. भावाचा खेळ बघत बघत तिनं बॅट धरली, आणि नवव्या वर्षी पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या महाराष्ट्र संघात गेली. नऊ वर्षांची पोर एकटी तर जात नसेल! घरातलं कुणीतरी काम टाकून तिच्याबरोबर जात असणार. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा मैदान भरलं होतं, ते भरायला असे कितीतरी प्रवास आधी झालेले आहेत.

आता तुमच्याकडची अडचण मला ठाऊक आहे. शालेय सामने पावसाळ्याच्या शेवटापासून सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नेमकं तेव्हाच सोयाबीन काढायचं असतं, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी असते, मजूर मिळत नाहीत. आयोवावाल्यांसारखा मार्च आपल्या नशिबी नाही. तेव्हा सगळा गाव जाऊ शकत नाही हे कबूल. पण सगळा गाव लागतच नाही. चार बायका आणि एखादं वडीलधारं माणूस गेलं तरी पुष्कळ होतं. बारा पोरींच्या बारा घरांनी पाळी लावली तर वर्षातून एक दिवस वाट्याला येतो. बचत गट आहेत, भिशा आहेत, भजनी मंडळ आहे, हळदीकुंकवाला जमतोच की आपण.

भाड्याचं म्हणाल, तर मार्च २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट आहे, तेव्हा आजी-आजोबांना तर खर्चच नाही. शाळा-कॉलेजच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. भाकरी घरून न्यायची.

जाताना दोन-चार गोष्टी मात्र सांभाळा. पोचल्या पोचल्या मुलींच्या सोयीचं बघा, कुलूप असेल तर किल्ली मिळेपर्यंत हटू नका. दोन मोठे कॅन पाणी, गूळ-शेंगदाणे, एक-दोन जादा ओढण्या आणि महिन्याच्या अडचणीच्या वेळचे पॅड पिशवीत असू द्या, ते मागायला पोरी लाजतात. पंचाशी भांडू नका, ते काम सरांचं. मैदानाच्या कडेला टवाळ पोरं मोबाईल घेऊन उभी असतात, त्यांच्या शेजारी जाऊन नुसतं उभं राहा. काही बोलावं लागत नाही. आम्ही हे करून बघितलं आहे. आणि हरल्यावर गाडीत बसल्या बसल्या "तू तो चेंडू का सोडलास" हे काढू नका. त्यांना ठाऊक असतं. डबा उघडा.

घरच्या पुरुष मंडळींना एक सांगते. मुलीला खेळू दिलं तर दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत, हे सगळं खरं. शिक्षक ते तुम्हाला समजावतीलच. पण त्यासाठी जिल्हा, राज्य असं वर चढावं लागतं, आणि मुली गळतात त्या बहुतेक त्या पायरीवर. सामना लांबचा होतो, रात्री परतायला उशीर होतो आणि बरोबर घरचं कुणी नसतं. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता हे बंद. तेव्हा संघ परतणार कधी, गाडी कुठं सोडणार आणि तिथून घरापर्यंत कोण आणणार, या तीन गोष्टी सामना ठरल्या दिवशीच सरांना विचारून ठेवा.

आमच्या गल्लीतल्या त्या बापाचं काय झालं हे तुम्ही विचाराल. माणूस अजून एकाही सामन्याला आलेला नाही. बास्केटबॉल हा शब्दही त्याला धड म्हणता येत नाही. पण पोरीला त्यानं थांबवलं नाही. संघ परगावी गेला की तो कारखान्यात पाळी बदलून घेतो, आणि रात्री कितीही वाजोत, काळेवाडी फाट्यावर मोटारसायकल लावून उभा असतो. पुढचा सामना नाशिकला आहे. आमच्या गाडीत या खेपेला चौदा जणी झाल्या आहेत, आणि आजीनं खिडकीची जागा आताच सांगून ठेवली आहे.